गुटगुटीत वासरू आणि कडू पूड

जंगलाला लागून असलेल्या कुरणात एक गाय राहत असे. भारी संशयी! कोवळं गवतसुद्धा हुंगून हुंगून खायची. एके दिवशी तिच्याकडे कोल्हा आला. त्याच्याजवळ एका झाडाच्या सालीची कडू पूड असे. वासरांना हगवण लागली की सगळे तीच घेऊन जात. कोल्हा म्हणाला, "गाईबाई, आजाराची वाट कशाला बघता? रोज चिमूटभर चाटवा. वासरू कसं गुटगुटीत होतं बघा!"

गाईने कान टवकारले. "माझ्या वासराचा तुला एवढा पुळका का रे? खरं सांग!"

"खरं सांगू? पूड चाटून त्याला दूध कमी लागेल. उरेल ते मला द्या."

"असं होय! दुधावर डोळा आहे तर!" म्हणत गाय निर्धास्त झाली. बघा मुलांनो, कोल्ह्याच्या मनातलं तिने बरोबर ओळखलं, पण पुडीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही!

वासरू खरंच भराभर वाढलं. शेजारच्या म्हशीचं रेडकू त्याच्यापुढे अगदीच किरकोळ दिसायला लागलं. गाय म्हणाली, "तूही चाटव की गं." म्हैस म्हणाली, "धडधाकट पोराला औषध कशाला?" 'जळते मेली!' गाय मनात म्हणाली.

थंडी पडली आणि कुरणात हगवणीची साथ आली. म्हशीने रेडकाला चिमूटभर पूड चाटवली, तर संध्याकाळपर्यंत ते उभं राहिलं. गाईच्या वासराला मात्र चिमटीने गुण येईना, मूठभर देऊनही येईना. त्याने मान टाकली. गाय घाबरून कोल्ह्याकडे धावली. "मेल्या, पुडीत भेसळ केलीस!"

"नाही हो! रेडकाला दिली तीच ही. रोज चाटवून तुमच्या वासराच्या पोटात आधीपासून दडलेला रोग या पुडीला सरावलाय. आता तो तिला जुमानत नाही."

"मग दुसरं काहीतरी दे रे!"

"दुसरं औषध माझ्याकडे नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्हाला फक्त मला काय मिळणार ते हवं होतं. मी सांगितलं."

गाय परत येऊन वासराला चाटत बसली. ते पुन्हा उठलं नाही.

तात्पर्य : देणाऱ्याचा हेतू कळला, म्हणून त्याने दिलेली वस्तू निर्धोक ठरत नाही, आणि आजारावरचं औषध नुसत्या बाळशासाठी रोज दिलं, तर खऱ्या आजारात ते हात देत नाही.