एका साच्याच्या बहिणी

फार वर्षांपूर्वी, बसगाड्या बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका डोंगराळ नगरात प्रत्येक बस वेगळ्या घडणीची होती. एक बिघडली, तर दुसरीचा भाग तिला बसत नसे आणि माणसं थांब्यावर ताटकळत. म्हणून अन्वर मिस्त्रींनी वर्षभर खपून एकच साचा ठरवला. त्यातून आधी पहिली निघाली आणि मग हुबेहूब तिच्यासारख्या नव्याण्णव.

ती पहिली बस वीस वर्षं धावली. शेवटी तिचा सांगाडा गंजला, इंजिन मात्र धडधाकट होतं. त्याच आठवड्यात सगळ्यांत धाकटीचं इंजिन इस्पितळाच्या चढावर निकामी झालं.

"माझं हिला बसवा," पहिली म्हणाली.

केस पिकलेले मिस्त्री घुटमळले. "मग तू कायमची उभी राहशील, बाई."

"तुझं काळीज काढून मी धावू?" धाकटी म्हणाली. "मला नको."

"अगं, आजारी माणसं तो चढ पायी चढताहेत. आपल्याला एका साच्यात घडवलं ते याचसाठी."

मिस्त्रींनी इंजिन बसवलं. ते नेमकं बसलं. दुपारी माणसांनी भरलेली धाकटी न अडखळता चढ चढू लागली. आगारात विटांवर टेकलेली पहिली तो आवाज ऐकत होती.

शेजारच्या नव्या गाडीने विचारलं, "कोण चाललंय?"

"आम्ही," पहिली म्हणाली.