दुकान वाढवा

तालुक्याचं गाव म्हटलं की एसटी स्टँड आलं, आठवडी बाजार आला, तळणीतल्या भज्यांचा वास आला. कासारखेडला हे सगळं होतंच. पण तिथे आणखी एक नवल होतं. फरसाणाच्या दुकानाच्या माडीवर चक्क एक सॉफ्टवेअर कंपनी होती!

कंपनीचं नाव ‘खटपट’. मालकीण विभावरी सातपुते. ही विभावरी मोठ्या शहरात शिकली, तिथेच सात वर्षं नोकरी केली आणि एक दिवस सामान बांधून गावी परतली. “आपल्या गावची पोरं गावात राहून जगाचं काम करतील,” असं तिने चारचौघांत सांगितलं. चारचौघं हसले. विभावरीने त्यांना हसू दिलं. तिने माडी भाड्याने घेतली, कॉलेजातला मित्र प्रल्हाद याला भागीदार केलं आणि गावातलीच नऊ मुलंमुली कामाला घेतली.

कामं यायची ती सातासमुद्रापलीकडून. कुठल्याशा देशातल्या कुत्र्यांच्या दवाखान्याची नोंदवही, कुठल्याशा शहरातलं बसगाड्यांचं वेळापत्रक. तो दवाखाना कुणी पाहिला नव्हता आणि त्या बसमध्ये कुणी बसणार नव्हतं. तिकडून यादी यायची, इकडे यादीबरहुकूम काम व्हायचं. प्रल्हादने तर भिंतीवर पाटीच लावली होती : ‘सांगितलं तेवढं, सांगितलं तसं.’ खटपटची सगळी अब्रू त्या पाटीवर उभी होती.

पण अलीकडे कामं आटत चालली होती. यादीबरहुकूम काम करणारी यंत्रंच आता निघाली होती, आणि ती मधल्या सुट्टीत चहासुद्धा मागत नव्हती. नऊ जणांपैकी दोघांच्या हातात शहरातल्या नोकरीची पत्रं आली होती. “महिनाभर थांबतो ताई,” दोघं म्हणाले, “मग मात्र निघावं लागेल.” दोघं गेले की मागोमाग बाकीचे जाणार, हे विभावरीला दिसत होतं.

आणि अशात ते काम आलं!

एका थंड देशातल्या मोठ्या कंपनीने छोट्या गावांतल्या दुकानदारांसाठी मोबाईलचं ॲप बनवलं होतं. दुकान उघडलं की एक बटण दाबायचं. मिटलं की दुसरं दाबायचं. आसपासच्या गावांत आपल्या दुकानाची खबर पोचवायची असेल तर तिसरं बटण. ते दाबलं की वीस कोसांतल्या मोबाईलवर दुकानाचं नाव झळकणार आणि लोक निरोप पाठवून मालाची विचारणा करणार. ॲप मराठीत आणण्याचं काम खटपटला मिळालं. कासारखेडच्या चाळीस दुकानांत तीन आठवडे वापरून बघायचं. जमलं, तर पुढे अख्ख्या महाराष्ट्राचं काम खटपटलाच.

पोरांच्या अंगात वारं शिरलं. आजवर परक्यांच्या कुत्र्यांची काळजी वाहिली, आता आपल्या गल्लीतल्या दुकानांचं काम! सगळी वेळेच्या आधी येऊन बसायला लागली.

मराठी शब्दांची यादी तिकडूनच तयार होऊन आली होती. पहिलं बटण, ‘दुकान उघडा’. दुसरं, ‘दुकान बंद करा’. तिसरं, ‘दुकान वाढवा’. विभावरीने यादी वाचली. शब्द साधे होते, स्वच्छ होते. तिने पाटीकडे पाहिलं आणि सांगितलं तसं करून टाकलं.

पहिल्या आठवड्यातच थंड देशात खळबळ उडाली. तिकडच्या साहेबांचं नाव अँटोन. मोठे सज्जन गृहस्थ. ते व्हिडिओवर आले तेच हात उंचावून.

“विभावरी, तुमच्या गावात काय जादू आहे?” ते म्हणाले. “रोज संध्याकाळी आठ वाजले की चाळीसच्या चाळीस दुकानदार ‘वाढवा’चं बटण दाबतात! एकही दिवस चुकत नाहीत! इतके महत्त्वाकांक्षी व्यापारी मी जगात कुठे पाहिले नाहीत!”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आणखी कौतुक केलं. ॲपमध्ये ‘फुटलेला माल’ लिहायची जागा होती. कासारखेडच्या बांगडीच्या दुकानांत पंधरा दिवसांत एकही बांगडी फुटली नव्हती. “काय हाताळणी आहे!” अँटोन साहेब म्हणाले. “शिकण्यासारखं आहे.”

प्रल्हादने खालून शेव-जिलेबी मागवली. शहराची पत्रं आलेल्या दोघांनी पत्रं ड्रॉवरमध्ये टाकली. करारावर सह्या करायचा दिवस ठरला. विभावरीला तर वाटलं, आपले पाय जमिनीला लागतच नाहीत.

सह्यांच्या आदल्या संध्याकाळी ती बांगड्या भरायला गेली. एवढा मोठा दिवस, हात मोकळे कसे ठेवायचे? कासारगल्लीत गोदाक्काचं दुकान होतं. गोदाक्काने चाळीस वर्षं गावातल्या लेकीसुनांचे हात भरले होते. तिने विभावरीची मूठ दाबून बघितली आणि हिरव्या बांगड्या एकेक करून सरकवल्या. चौथी बांगडी कट्‌कन तुटली.

“वाढली गं,” गोदाक्का म्हणाली आणि तुकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकले. “थांब, दुसरी काढते.”

विभावरीला सहज आठवण झाली. “अक्का, मोबाईलमध्ये लिहा ना. फुटलेला माल.”

गोदाक्काने कानांवर हात ठेवले. “काय बोलतीस पोरी! कासाराच्या दुकानात ‘फुटली’ म्हणायचं? बायामाणसांच्या हातातली वस्तू हाय ती. फुटत न्हाई, वाढते. तुझ्या त्या यंत्रात तसलं लिवायला माझा हात धजत न्हाई.”

विभावरी हसली. पंधरा दिवसांत एकही बांगडी का फुटली नाही, ते तिला कळलं. अँटोन साहेबांना हे सांगायला किती मजा येईल, असं ती मनात म्हणते न म्हणते तोच गोदाक्काने मोबाईल उचलला. आठ वाजले होते. समोरच्या भांडीवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं. गोदाक्काने चष्मा चढवला, मोबाईल लांब धरला आणि ‘दुकान वाढवा’वर बोट ठेवलं.

“अक्का, हे काय केलंत?”

“दुकान वाढवलं. आठ वाजले न्हाईत का?”

“अहो, मिटायला दुसरं बटण आहे. ‘दुकान बंद करा.’”

गोदाक्काने तिच्याकडे असं पाहिलं, जसं लहान मुलाने भलतंसलतं बोलल्यावर पाहतात. “भर दिवेलागणीला कोण म्हनंल गं असं? बंद पडतं ते कायमचं. वाढवलेलं सकाळी उघडतं.”

विभावरी बसल्या जागी गार पडली. वाढवणं! नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि व्यापारी माणूस दुकान मिटून घरी निघतो तेव्हा दुकान वाढवतो. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती! पण संगणकापुढे बसलं की तिच्या कानांना दुसरंच मराठी ऐकू यायचं, पुस्तकातलं, इस्त्री केलेलं. चाळीस दुकानदार महत्त्वाकांक्षी बिलकूल नव्हते. ते बिचारे रोज आठ वाजता घरी जात होते.

“आन हे बघ,” गोदाक्का तक्रारीच्या सुरात म्हणाली, “वाढवलं रं वाढवलं की टुंग टुंग सुरू. मी घरी गेल्यावर तांदळाच्या डब्यात ठेवून देते त्याला.”

विभावरीने मोबाईल घेतला. आत निरोपांची रांग लागली होती. ‘हिरवा चुडा मिळेल का?’ ‘लग्न आहे, पाच जणींचे हात भरायला याल का?’ ‘दुकान उघडं आहे का?’ वाडीवस्तीवरून माणसं विचारत होती आणि एकालाही उत्तर गेलं नव्हतं. एका मुलीने तर तीनदा विचारलं होतं. तिचं लग्न होऊनही गेलं असेल. विभावरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती तशीच माडीवर गेली. प्रल्हाद उद्यासाठी खुर्च्या मांडत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

“उद्या सांगू नकोस,” तो म्हणाला. “शब्द त्यांचे आहेत. आपण सांगितलं तसं केलं. सह्या होऊ देत, मग गुपचूप बदलू.”

“आणि तोवर लोक विचारत राहतील, अक्काचा मोबाईल तांदळात वाजत राहील?”

“विभा, हे काम गेलं तर पोरं जातील. ऑफिस बंद करावं लागेल.”

विभावरीने दिव्याच्या बटणावर हात ठेवला. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा? पण आवाज स्थिर होता. “बंद नाही,” ती म्हणाली. “आज फक्त वाढवू. उद्या उघडल्यावर खरं ते सांगू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडद्यासमोर बसले. पलीकडे अँटोन साहेब नवा कोट घालून, पेन हातात घेऊन तयार होते. विभावरी म्हणाली, “सही करण्याआधी ऐका. तुम्ही पाहिलेली वाढ खोटी आहे.” मग तिने नारळापासून सुरुवात केली, बांगडीवर आली आणि दुकानापाशी थांबली. “यादी तुमची होती,” ती शेवटी म्हणाली, “पण मराठी माझं होतं. तीन आठवडे ती माझ्यासमोर होती आणि मी तोंड उघडलं नाही. चूक माझी आहे.”

अँटोन साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माडीवर अकरा जणांनी श्वास रोखला. प्रल्हादने डोळे मिटून घेतले.

“म्हणजे त्यांना वाढायचंच नव्हतं,” साहेब हळूच म्हणाले.

“त्यांना विचारलंच कुणी नव्हतं,” विभावरी म्हणाली. तिने गोदाक्काच्या मोबाईलमधले निरोप पडद्यावर लावले आणि एकेक वाचून त्याचा अर्थ सांगितला. “आता हे बघा. हे खोटं नाही. दुकान मिटलेलं असताना, उत्तर मिळत नसताना, तीन आठवडे लोक विचारत आहेत. एका कासारणीला! बाकीच्या एकोणचाळीस मोबाईलांवरही असेच निरोप पडून आहेत, सकाळीच मी ते सगळे बघून आले. दुकान उघडं असताना खबर गेली असती, तर काय झालं असतं?”

अँटोन साहेब पडद्याच्या अगदी जवळ आले. त्यांचं नाकच मोठं दिसायला लागलं. “विभावरी,” ते म्हणाले, “आमचं ॲप तीस भाषांत आहे. तीसही याद्या आम्ही इथे बसून केल्या. आजवर एकानेही सांगितलं नाही की यात चूक आहे. सगळ्यांनी आम्ही सांगितलं तसं केलं.”

त्यांनी समोरचा करार उचलला आणि सरळ फाडला! प्रल्हादच्या घशातून विचित्र आवाज निघाला. “हा फारच छोटा होता,” साहेब म्हणाले. “नुसता शब्द चिकटवण्याचा. आता नवा लिहू. आधी तुम्ही दुकानात जाऊन बसायचं, ऐकायचं. मग काय बनवायचं ते तुम्ही आम्हाला सांगायचं. मराठीचं झालं की शेजारच्या भाषांचंही बघा.”

माडीवर असा आरडाओरडा झाला की खालचा फरसाणवाला झारा घेऊन धावत वर आला! शहराची पत्रं आलेल्या दोघांनी ड्रॉवर उघडला आणि त्या पत्रांची विमानं करून खिडकीतून सोडली. ती थेट एसटी स्टँडवर उतरली. प्रल्हाद मात्र स्टुलावर चढला. त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवरची पाटी काढली आणि उलटी करून कोपऱ्यात ठेवली.

महिन्याभराने सुधारलेलं ॲप सगळ्या गावासमोर सुरू झालं. आता ‘दुकान वाढवा’ दाबलं की दुकान मिटायचं. खबर पोचवायच्या बटणावर ‘गावोगाव कळवा’ असं लिहिलं होतं. ‘फुटलेला माल’च्या जागी ‘वाढलेला माल’ आलं होतं. ‘गावोगाव कळवा’ सगळ्यांत आधी गोदाक्काने दाबलं आणि मोबाईल टुंग टुंग वाजायला लागल्यावर तिने तो तांदळात ठेवला नाही. चष्मा चढवून पहिल्या निरोपाला उत्तर दिलं.

अँटोन साहेब खास या दिवसासाठी दोन मराठी शब्द पाठ करून पडद्यावर आले होते. उत्साहाच्या भरात नवा अर्थ विसरून त्यांनी छाती भरून शुभेच्छा दिल्या : “दुकान वाढवा!”

हे ऐकताच गोदाक्का चटकन उठली, पिशवी काखोटीला मारली आणि शेजारी बसलेल्या भांडीवाल्याला म्हणाली, “चला, उठा. साहेबांनी वाढवायला सांगितलंय.” चाळीसच्या चाळीस दुकानदार घरी निघाले. विभावरी हसत हसत दाराकडे धावली आणि दोन्ही हात पसरून सगळ्यांना थांबवू लागली. तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या खळखळत होत्या.

तात्पर्य: जगाचं काम खुशाल करावं, पण दिलेली यादी डोळे झाकून उतरवू नये, ज्याच्यासाठी काम करायचं त्याचं बोलणं आधी ऐकावं, आणि चूक कळली की हातचं काम जाण्याची भीती असली तरी ती आपल्याच तोंडाने सांगावी.