भुऱ्याने आखलेली हद्द

गोठवडे आणि मुरसई या दोन गावांमधल्या तळ्याला वळसा घालणारी पायवाट काठाने जात नाही. उन्हाळ्यात ती पाण्यापासून चांगलीच दूर, माळाच्या अंगाने चढलेली दिसते. खाली काळाभोर गाळ उघडा पडलेला असतो. कलिंगडे लावली तर लगडतील अशी जमीन, पण तिथे कोणी काही पेरत नाही. पाहुण्यांना याचे नवल वाटते. मग सोबत आलेले पुंजाबा शेळके सांगतात, "ही वाट माणसानं नाही पाडली. कुत्र्यानं पाडली."

त्या काळी म्हणे या गाळावरून दोन्ही गावांत दरसाल डोकी फुटत. तळ्याची हद्द कुठवर, हाच वाद. रिवाज असा, की एखाद्या जाणत्याने डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन, अवाक्षर न काढता चालायचे. तो जाईल ती हद्द. पण गोठवड्याचा माणूस मुरसईला पटेना, आणि मुरसईचा गोठवड्याला. शेवटी कोणीतरी वैतागून म्हणाले, "मग ठकूचं कुत्रंच चालवा!"

ठकू ही मेंढरे राखणारी विधवा. दोहोंपैकी कोणत्याच गावची नव्हे. पाण्यात शिरलेल्या एका उंचवट्यावर नवऱ्याने दगड रचून बांधलेले तिचे घर होते, शेजारी मेंढरांचा वाडा. तिचा भुऱ्या रोज सकाळी तळ्याला फेरी घालून येई.

"कुत्र्यामागं दोन गावं! सोयरे तोंडात शेण घालतील," गोठवड्याचा पाटील म्हणाला.

"माणसांमागं जाऊन काय दिवे लावले आपण?" मुरसईच्या पाटलाने सुनावले.

हिशेब दोघांचाही एकच होता: वैशाखातला तहानलेला कुत्रा पाण्याकाठानेच जाणार. तो रोज कुठून फिरतो हे पाहायला सवड कोणाला होती? ठरले असे, की त्याच्या वाटेच्या आतले ते तळ्याचे. तिथे गुरे-मेंढरे चरोत, पण नांगर नाही आणि चूल नाही. बाहेरचे दोन्ही गावांनी वाटून घ्यायचे. ठकूने हाक मारायची नाही, शीळ घालायची नाही. गाळावरचे गवत नांगराखाली गेले असते, तर मेंढरे घेऊन तिला मुलूख सोडावा लागला असता. पण भुऱ्याची वाट तिला ठाऊक होती. तिने भंडारा उचलून शपथ घेतली. आपल्या चुलीचा विचार त्या गडबडीत तिला सुचला नाही.

भुऱ्याच्या गळ्यात मातीचे ढेकूळ बांधले. तो बांधापाशी पाणी प्याला आणि गाळाकडे ढुंकूनही न पाहता माळाच्या अंगाने वर चढला. यात चमत्कार असा काही नसावा. भर पावसात तळे जिथवर चढते, तिथूनच चालायला तो पिल्लू असताना शिकला होता. पाणी ओसरले म्हणून त्याने वाट बदलली नव्हती, इतकेच. मागून दोन्ही गावे निमूट चालली होती. ठकूचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भुऱ्या तिच्या घराच्या पाठीमागून सरळ निघून गेला.

"ठके, घर आत आलं गं तुझं," गोठवड्याचा पाटील हळूच म्हणाला. "उद्या पुन्हा चालवू. शीळ घाल, घरापुरतं वळव त्याला. आम्ही काही ऐकलं नाही म्हणू."

ठकू म्हणाली, "आज माझ्या घरापुरता वळला, तर उद्या तुमच्या नांगरापुरता वळंल की, पाटील."

तिने स्वतःच चूल विझवली, चुलीचे दगड पदरात घेतले आणि वाटेपलीकडे नेऊन ठेवले. भिंती तिने पुढच्या दिवसांत उतरवल्या. ते पाहिल्यावर हद्दीविषयी बोलायला कोणत्याही पाटलाला तोंड उरले नाही.

आजही वैशाखात दोन्ही गावांतले लोक एका कुत्र्यामागून ही फेरी घालतात. कुत्रा कोणाचाही चालतो. त्याला हाक मारायची नाही, चुचकारायचे नाही. तो थांबला की सगळ्यांनी थांबायचे. गेल्या खेपेस तो करंजाच्या सावलीत चक्क झोपून गेला, आणि त्याला जाग येईपर्यंत दोन्ही गावांचे सरपंच उन्हात उभे होते.