बसवलेली काच

गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांच्या परदेशी गाडीची मागची काच गॅरेजवाल्या कुंदाताईंनी नवी बसवली आणि बजावलं, "गम संध्याकाळपर्यंत सुकेल. तोवर गाडी हलवायची नाही."

"काच बसवली ना? मग गाडी मी म्हणेन तेव्हा हलेल. किल्ली द्या," दौलतराव गुरगुरले.

वाटेत काच निखळली, तर बोल गॅरेजलाच लागणार होता. कुंदाताईंनी किल्ली मुठीत आवळली.

"अध्यक्ष, गेल्या वर्षी मंत्र्यांची खुर्ची मांडायला गणपती जरा सरकवा असं त्यांची माणसं म्हणाली, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

दौलतरावांची छाती फुगली. "तोंडावर सांगितलं. एकदा बसवलेला गणपती उत्तरपूजेआधी जागचा हलत नाही."

"मग या काचेची उत्तरपूजा संध्याकाळी आहे," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्यासाठी रिक्षा बोलवू?"