पाय ठेवायला जागा

"मग आत का येत नाही तुम्ही?" ताटे मास्तरांनी विचारलं.

बयाआक्का दाराबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. बशीतला चहा फुंकत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"येऊ की," त्या म्हणाल्या. "पर पाय ठेवायला जागा न्हाई."

मास्तरांनी वळून आत पाहिलं. सोपा चांगला ऐसपैस होता. पंचवीस पानांची पंगत सहज बसली असती. पांढऱ्याशुभ्र लाद्यांत छताचा पंखा उलटा फिरताना दिसत होता.

"जागा नाही?"

"न्हाई बघ," आक्का म्हणाल्या, आणि बशी पुन्हा भरून घेतली.

आक्का ओढ्यापलीकडच्या मठीत राहत. मठी म्हणजे कुडाच्या भिंती आणि गळकं छप्पर. प्रवचन नाही, कीर्तन नाही, कानात मंत्र सांगणं नाही. लोक आपापलं गाऱ्हाणं घेऊन जात, आणि कधी भाकरी खाऊन तर कधी बोलणी खाऊन परत येत. आक्कांनी कुणाला शिष्य केलं नव्हतं. पण चित्रकलेच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ताटे मास्तरांनी स्वतःच स्वतःला त्यांचा शिष्य ठरवून टाकलं होतं. आक्कांनी नाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यावर त्यांचं भागलं.

गुरूचे पाय घराला लागावेत, असं कुठल्या शिष्याला वाटत नाही? त्यात मास्तरांचं घर आता पाय लागण्याजोगं झालं होतं. निदान मास्तरांचं तरी तसं ठाम मत होतं.

दसऱ्याला त्यांनी जुन्या शहाबादी फरशा उखडून ह्या लाद्या बसवल्या. दिवाळीत बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील केला, तो बघायला शेजारच्या गावची माणसं आली. संक्रांतीला खिडक्यांना रंगीत काचा आल्या. होळीच्या आत दारं घासूनपुसून पॉलिश झाली. आणि आता पाडव्याला साऱ्या घराला सायीसारखा रंग लागला होता. दर सणाला एक काम, हा मास्तरांचा नेम. वर्गात जशी पोरांची चित्रं दुरुस्त करायचे, तसंच घराचं चाललं होतं.

हे सगळं रेवतीसाठी होतं.

रेवती त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात फ्लॅटमध्ये राहायची. लग्नानंतर दरवर्षी गौरीला माहेरी यायची. पण गेल्या दोन गौरींना ती आली नव्हती. फोनवर म्हणायची, "या वेळी जमत नाही बाबा." मास्तरांनी त्याचा अर्थ लावला, की पोरीला आता सुखसोयींची सवय झाली, जुनं घर तिला गैरसोयीचं वाटत असणार. म्हणून ते एकेक काम करीत आणि झालं की फोनवर सांगत.

"छान, बाबा," रेवती म्हणायची.

पण येत नव्हती.

आणि आता आक्काही येत नव्हत्या...

मास्तरांनी "जागा न्हाई"वर आठवडाभर डोकं चालवलं. मग त्यांनी सोप्यातला लाकडी पलंग माळ्यावर टाकला. बाकडं मागच्या पडवीत गेलं. धान्याची कणगी गेली, शिवणयंत्र गेलं. इंदूताई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, कुठंतरी टेकावं म्हणून बघत होत्या, तर टेकायला काही उरलंच नव्हतं.

वैशाखात आक्का आल्या. ऊन मी म्हणत होतं. दाराला मास्तरांनी वाळ्याचा पडदा लावला होता, त्यावर पाणी मारलं होतं. आतून गार वास येत होता.

आक्कांनी पडदा बाजूला करून डोकावून पाहिलं.

"आता झाली ना जागा?" मास्तर म्हणाले.

"हुती ती बी गेली की रं," आक्का म्हणाल्या, आणि उन्हातच पायरीवर बसल्या.

मास्तर हिरमुसले. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाद्या गुळगुळीत! म्हातारं माणूस, पाय घसरायची भीती वाटत असणार! त्यांनी कोल्हापूरहून काथ्याची लांबच लांब चटई मागवली आणि दारापासून देवघरापर्यंत अंथरली.

आषाढात धो धो पाऊस लागला. आक्का इरलं पांघरून आल्या, पायरीवर बसल्या. वळचणीचं पाणी त्यांच्या खांद्यावर उडत होतं.

"चटई घातली आहे, आक्का," मास्तर आतून म्हणाले.

आक्कांनी मान वाकवून चटईकडं पाहिलं.

"एवढं मोठं पायपुसणं?" त्यांनी विचारलं.

आता मात्र मास्तरांचा धीर सुटला. "तुम्हीच सांगा मग काय करू! वर्षभर राबतोय. लेक येत नाही, तुम्ही येत नाही. काय कमी आहे या घरात?"

स्वयंपाकघराच्या दारात इंदूताई उभ्या होत्या, हातात चहाची किटली होती.

"जुईला काय म्हणालात, ते सांगा की आक्कांना," त्या म्हणाल्या.

जुई म्हणजे रेवतीची लेक.

"मी काय म्हणालो? पोर चिखलाच्या पायांनी माझ्या रांगोळीवरून पळत गेली. म्हणालो असेन काहीतरी."

"हे घर आहे, गोठा नाही, असं म्हणालात. गौरीच्या दिवशी."

"...एवढंच ना?"

"एवढंच. रेवानं पोरीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणालासुद्धा थांबली नाही. संध्याकाळच्या एसटीनं गेली. तुम्ही रांगोळी नीट करत बसला होता."

पाऊस वाजत राहिला. मास्तरांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

"मास्तर," आक्का म्हणाल्या, "रांगोळी कसली हुती?"

"गौरीची पावलं होती. दारापासून देवघरापर्यंत."

"ती कशापायी काढत्यात?"

"गौर घरात यावी म्हणून."

"आन् त्यांवरनं पळत कोण आलं?"



आक्कांनी बशी तोंडाला लावली. "इंदू," त्या म्हणाल्या, "आलं झकास पडलंय चहात."

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी फोन उचलला. काथ्याच्या चटईचं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं, कोल्हापूरहून मागवली, वगैरे. ते त्यांनी गिळलं.

"रेवा... गौर आणायला ये."



"बघते, बाबा."

बघते! मास्तरांना तेवढं पुरलं. पण मास्तर ते मास्तरच. लेक येणार म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी ठरवलं, की या वर्षी अशी पावलं काढायची की पोरीनं बघत राहावं.

गौरीच्या दिवशी सकाळपासून ते गुडघ्यांवर होते. चटई गुंडाळून ठेवली. तांदळाच्या पिठाची पावलं, प्रत्येकाला पाच नेटकी बोटं, टाचेशी कुंकवाचा टिळा. दारापासून देवघरापर्यंत, देवघरातून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून धान्याच्या खोलीपर्यंत. मधल्या जागेत वेलबुट्टी. कोपऱ्यांत कमळं. कामात रंगले आणि सगळी लादी कधी भरून गेली ते त्यांना कळलंही नाही.

रेवती आली ती थेट ओढ्यावरच गेली. एसटीतून उतरतानाच बाकीच्या बायका भेटल्या, आणि तिथूनच सगळ्याजणी तेरड्याची गौर आणायला गेल्या. जुईही त्यांच्याबरोबर होती. तेवढ्यात पावसाची एक सर येऊन गेली. ओढ्याची वाट म्हणजे काळी माती.

झांज वाजली. मास्तर धावत दारात आले. नवं धोतर, पांढरा सदरा.

पुढं रेवती होती. हातात तांब्या, तांब्यात तेरड्याची जांभळी फुलं, डोक्यावरून पदर. तीन वर्षांत ती जरा वाळली होती. मास्तरांना एकदम भरून आलं.

पायरीच्या कडेला आक्का बसल्या होत्या. त्या कधी आल्या, कुणी पाहिलं नव्हतं.

इंदूताईंनी रीतीप्रमाणे लेकीच्या पायांवर दूधपाणी घातलं, कुंकू लावलं. चिखल घोट्यापर्यंत होता, तो काही तेवढ्यानं जाणारा नव्हता. रेवती पायरीवरच्या गोणपाटाला पाय घासायला लागली. एक पाय घासला, दुसरा घासला, परत पहिला घासला. मागच्या बायकांच्या झांजा थांबल्या. रेवतीचं घासणं थांबेना.

मग ती मागं वळून हळूच म्हणाली, "जुई, तू इथंच बस हं बाहेर. आत आजोबांची लादी आहे."

जुईनं आत पाहिलं. पिठाची पावलं, वेली, कमळं. तिनं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पाय काळेकुट्ट होते. ती आक्कांच्या शेजारी टेकली आणि तिनं आजोबांना विचारलं. तक्रार नव्हती त्यात, नुसता प्रश्न होता.

"आजोबा, आत यायचं तर पाय कुठं ठेवायचा?"



पायरीवर एक म्हातारी आणि एक पोर शेजारी शेजारी बसलेल्या. म्हातारी आभाळाकडं बघत होती, जणू तिचा ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

मास्तर पायरी उतरले. अंगणात जिथं सगळ्यात जास्त चिखल होता, तिथं गेले आणि नव्या धोतरानिशी त्यात पाय रोवून उभे राहिले. चपक चपक आवाज झाला.

"अहो!" इंदूताई ओरडल्या.

मास्तर परत आले. गोणपाट त्यांनी पायानंच बाजूला लोटलं. पांढऱ्या लादीवर, कमळाच्या ऐन मधोमध, एक काळं पाऊल उमटलं. मग दुसरं. मास्तरांना हसू फुटत होतं.

"इथं ठेव," ते जुईला म्हणाले. "हे बघ. माझ्या पावलावर पाऊल."

जुईनं आईकडं पाहिलं. मग आजोबांकडं पाहिलं. आणि टुणकन उडी मारली.

पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसरं वेलीवर. तिसरं भलतीकडंच. चौथ्याला ती घसरली, आजोबांच्या धोतराला धरून उठली, आणि धोतरावर पाच बोटं उमटली. मास्तरांनी ती बोटं वाकून पाहिली.

"वा! रेष काय छान आलीये," ते म्हणाले.

रेवती दारात हसत होती आणि रडत होती. तांब्यातला तेरडा हलत होता.

इंदूताईंना एकदम आठवण झाली. गौर अजून दारातच होती, विचारायचं राहिलंच होतं. त्यांनी डोळे पुसले, आवाज सारखा केला.

"कोण आलं गं?"

"गौर आली," रेवती म्हणाली.

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या, म्हणायचं असतं. मोत्यांच्या, म्हणायचं असतं. रेवतीला हुंदका आला.

"चिखलाच्या!" आतून मास्तर ओरडले. "चिखलाच्या पावलांनी आली!"

बायका खो खो हसल्या. झांजा पुन्हा सुरू झाल्या. गौर आत आली, आणि गौरीमागून ओढ्यावरच्या सगळ्याच आत आल्या, कुणी पाय पुसले नाहीत. धान्याची खोली दाखवली, चूल दाखवली, देवघर दाखवलं, जिकडं गौर गेली तिकडं काळी पावलं गेली. कुणीतरी पडवीतलं बाकडं आत ओढलं. कुणीतरी चटई उलगडून तिच्यावर फतकल मारली. जुई सोप्यात घसरगुंडी खेळू लागली होती. तांदळाच्या पिठाचा आणि मातीचा मिळून एक लगदा झाला होता, आणि सकाळची ती नेटकी पाच बोटं शोधूनही सापडली नसती.

मास्तर दारात आले. सदऱ्याला चिखल, चष्म्याला पीठ. पायरीवर आक्का तशाच बसल्या होत्या.

मास्तरांनी हात जोडले. आत पाहिलं, मग आक्कांकडं पाहिलं, आणि ओशाळं हसले.

"आक्का... आज मात्र खरंच पाय ठेवायला जागा राहिली नाही."

आक्का चौकटीला धरून उठल्या. साडीचा ओचा वर खोचला, चिखलानं भरलेला पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला.

"हाय की," त्या म्हणाल्या.