चोचीपुरती फट

जंगलात माणसाची वाट पडली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची बायको अंडी घालायला बसली. धनेश बाहेरून चिखल आणून देई आणि ती आतून ढोलीचं तोंड लिंपत जाई.

"ऐसपैस घरात साप शिरतो," धनेश म्हणाला. "फट माझ्या चोचीपुरतीच ठेव. मी आहे भरवायला."

वरच्या फांदीवरचं शेकरू म्हणालं, "धनेशभाऊ, जरा मोठी ठेवा की. वेळप्रसंगी आमचाही हात आत पोचेल."

"आमच्या घरात तुमचा हात कशाला?" धनेश फणकारला. तिनं फट आणखी बारीक केली.

पिलं झाली. धनेश रोज उंबरं आणून भरवी. एका सकाळी उंबराच्या झाडावरूनच गरुडानं त्याला उचललं. शेकरूनं ते डोळ्यांनी पाहिलं.

ते उंबर घेऊन ढोलीकडे धावलं, पण पंजा फटीत शिरेना. फळ बाहेरच चिरडलं आणि खोडावरून ओघळलं.

"वहिनी, भाऊ गेले हो! भिंत फोडा, बाहेरून मी मदत करीन."

"काहीतरीच बोलू नका," ती आतून म्हणाली. "ते आल्याशिवाय भिंत फोडायची नाही, असं ठरलंय आमचं."

शेकरू कुरतडायला गेलं की ती आतून चोच मारी. आधी पिलांचा आवाज थांबला, मग तिचा.

काही दिवसांनी साप त्या झाडावर चढला. त्यानं भिंत चाचपली, फटीशी घुटमळला आणि आल्या वाटेनं खाली उतरला. घर खरंच भक्कम होतं.