मास्तरांचा साष्टांग नमस्कार

"मग काय आता खुर्चीत बसून रामराम घालू तुम्हाला? रस्त्यात भेटल्यासारखा?"

व्यंकट मास्तरांनी आक्कांना थेटच विचारलं. आवाज जरा चढला होता.

आक्का मठाच्या ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. मास्तरांची बायको शालन त्यांच्या मागे बसून त्यांचे पांढरे केस विंचरत होती. आक्कांचा खांदा धरलेला, हात डोक्यापर्यंत जायचा नाही. पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. आल्यागेल्या बाईच्या हातात त्या खुशाल फणी देत.

"डॉक्टर काय म्हणाला?" आक्कांनी विचारलं.

"दोन्ही गुडघे झिजलेत. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही."

"मग नको वाकूस."

"आक्का, इतक्या वर्षांत तुमच्यासमोर साष्टांग घातल्याशिवाय मी कधी बसलो नाही. ते खुर्चीवाले भक्त वेगळे. आले, टेकले, हात जोडले, निघाले प्रसादाला."

मास्तर म्हणजे हाडाचे कवायतीचे मास्तर. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरच्या पोरांबरोबर रस्त्यावरची माणसंही ताठ व्हायची. आता नोकरी सुटून जमाना झाला, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जळतो? सकाळी सांधे आखडलेले असायचे, मांड्यांत जोर उरला नव्हता. अंथरुणातून उठताना ते भिंत धरत, कपाट धरत. शेजारी बायको उभी असायची, तिचा हात तेवढा धरत नसत.

"सांगू का आक्कांना?" शालन म्हणाली.

"काही सांगायचं नाही."

"सांग गं," आक्का म्हणाल्या.

"परवा न्हाणीत पडले. आतून कडी. मला कळू नये म्हणून नळ सोडून ठेवला. टाकी रिकामी झाली, पाणी थांबलं, तेव्हा मी दार वाजवलं. तरी आतून म्हणतात, अंघोळ चाललीय." तिचा विंचरणारा हात थांबला. "एक दिवस त्या दाराआड जातील हे, आणि मी बाहेर भाकरी थापत बसलेली असेन."

मास्तरांना लाज वाटली. लाजेपेक्षा रागच जास्त आला.

"मला कुणाचा हात नको, आक्का. तेल सांगा, काढा सांगा, जप सांगा. मरेपर्यंत माझा मी उठलो पाहिजे."



"लोक म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही," आक्का म्हणाल्या. "तुझं निराळंच आहे बाबा. घाल, घाल नमस्कार."

मास्तरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी खांब धरून एक गुडघा टेकला. कळ मस्तकात गेली. मग दुसरा गुडघा, हात, छाती, कपाळ. फरशी गार होती. क्षणभर त्यांना जिंकल्यासारखं वाटलं.

मग ते उठायला गेले.

तळवे दाबले. मांड्या थरथरल्या, गुडघा वळेना. पुन्हा जोर लावला, तर कोपर घसरलं आणि हनुवटी फरशीवर आपटली.

शालन फणी टाकून उठली.

"तिथंच थांब," मास्तर खालूनच म्हणाले.

"थांब गं," आक्काही म्हणाल्या. "नको म्हणतोय ना तो."

शालन खांबाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आतून आमटीच्या फोडणीचा वास आला. आता जेवायला माणसं येतील, आपल्याला असं पालथं पडलेलं बघतील… मास्तरांनी आणखी एकदा प्रयत्न केला. जमलं नाही.

त्यांना न्हाणी आठवली. तिथं पडल्या पडल्या शालनचं नाव ओठांवर आलं होतं आणि त्यांनी ते गिळलं होतं. त्या दिवशी ते फार घाबरले होते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"शालन…"

"अं?"

"हात दे गं. भीती वाटते मला."

ती आली. तिची कंबर काही धड नव्हती, ओढून उठवणं तिला झेपणारं नव्हतं. ती त्यांच्याशेजारी खालीच बसली. "आधी कुशीवर वळा. हां. आता हा गुडघा आत घ्या. धरा माझा खांदा. घट्ट धरा, मोडत नाही मी." आई गं, आई गं करत दोघं कशीबशी उभी राहिली.

मास्तरांना धाप लागली होती. शालनचा खांदा त्यांनी सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

जरा दम खाल्ल्यावर ते ओशाळून म्हणाले, "आक्का, आज काही नीट झाला नाही नमस्कार. उद्या येऊन पुन्हा…"

आक्का दोघांकडे बघत राहिल्या…

"पुन्हा कशाला? आजचा पोचला की."